दुधाच्या पावतीवर फॅट लिहितात, मग पेट्रोलच्या पावतीवर इथेनॉल का नाही? एका ऊसवाल्या पद्मिनीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
पेट्रोलमध्ये किती इथेनॉल घालायचं हे ज्यांच्या सहीनं ठरतं ते दिल्लीतले सगळे साहेब

साहेब, नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी ऊसवाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पावणेतीन एकर ऊस आहे, दरवर्षी कारखान्याला जातो, त्याच्या मळीचं इथेनॉल होतं आणि टँकरनं तेल डेपोला जातं. साखर गोदामात पडून राहायची आणि आमचं बिल लटकायचं ते दिवस मी बघितलेत, त्यामुळं इथेनॉलनं कारखान्याच्या हातात पैसा खेळायला लागला याचा आनंद मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला तुम्ही अचानक ब्रेक लावला तेव्हा बोंब मारणाऱ्यांत मी पण होतो. तेव्हा हे पत्र वाचून कुणी मला पेट्रोल लॉबीचा माणूस म्हणणार असेल तर त्यानं आधी माझ्या उसाच्या काटापावत्या बघाव्यात.

पण माझ्याकडं एक १९८४ ची प्रीमियर पद्मिनी पण आहे. वडिलांनी घेतलेली, बिस्किट कलर, स्टेअरिंगला गिअर, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली बहीणच म्हणा, फरक एवढाच की त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरनं गेल्या आणि आमची अजून चालू आहे. वर्षाला दोन हजार किलोमीटर होत असतील, जोतिबा, लग्नकार्य, कधी गगनबावडा. म्हणजे एका हातानं मी इथेनॉलचा ऊस घालतोय आणि दुसऱ्या हातानं त्याच इथेनॉलनं चोंदलेला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारं भांडं, धुतोय, आणि हे असलं दुहेरी सुख नशिबाला आल्यावर माणूस पत्र लिहिणार नाही तर काय करणार.

काय झालं ते सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला लग्न होतं. जाताना उतार, काही त्रास नाही. येताना दुपारी साखरप्यातनं निघालो, आंबा घाट चढायला लागलो आणि निम्म्यात गाडी गुदमरायला लागली, दोन झटके मारले आणि बंद. बॉनेट उघडलं, एसी पंप हाताला लागत नव्हता इतका तापलेला. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप टाकीत नसतो, इंजिनाच्या अंगालाच चिकटवलेला असतो, आम्ही त्याला एसी पंप म्हणतो, त्याचा एअर कंडिशनशी काही संबंध नाही. इंजिन तापलं की तो तापतो, त्याच्यात पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काय पंपाला ओढता येत नाही. उन्हाळ्यात हे आधीपण व्हायचं, नाही असं नाही, त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं हा उपाय वडिलांपासून चालत आलाय. पण आधी ते दोन-तीन वर्षांतनं एकदा व्हायचं. त्या दिवशी एका घाटात तीनदा झालं. नवऱ्याकडच्या लोकांनी दिलेला टॉवेल-टोपीतला टॉवेल पाण्यात भिजवून पंपावर टाकला, बायको आंब्याच्या पेटीवर बसून माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ते तुम्हाला कळवायची माझी इच्छा नाही.

यात गोम अशी की नुसतं इथेनॉल ७८ डिग्रीला उकळतं आणि पेट्रोल म्हणजे शेकडो प्रकारच्या हलक्या-जड तेलांचं मिश्रण, पण दोघांची थोडी भेसळ केली की त्या मिश्रणाची वाफ एकट्या पेट्रोलपेक्षा लवकर व्हायला लागते. नवीन गाडीला याचं काही नाही, तिचा पंप टाकीत बुडालेला आणि लाइनमध्ये दाब असतो. आमच्या पंपाचा दाब तो केवढा, फुंकर मारल्यासारखा.

मग पाऊस. जून ते गणपती गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल, पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, कपाटातल्या चपलेला बुरशी येते. गणपतीला गाडी काढायला गेलो, चालू होईना. चोक ओढला, बॅटरी उतरस्तोवर सेल्फ मारला, नाही. शेवटी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी कार्बोरेटरचं झाकण काढलं आणि मला म्हणाले, "साहेब इकडं या, दही लावलंय तुम्ही."

खरंच तसं दिसत होतं. फ्लोट ज्या वाटीत तरंगतो त्या वाटीच्या तळाला पांढरट दाणेदार साय, कडेला हिरवट कडा, आणि पितळेच्या मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या, तोंडात तोच पांढरा खर. नखानं खरवडलं तर पिठासारखं निघालं. कार्बोरेटरची बॉडी जस्त-अल्युमिनियमच्या ओतीव धातूची असते, पेट्रोलनं तिला चाळीस वर्षात काही केलं नव्हतं. इथेनॉल मात्र हवेतलं पाणी ओढून घेतं, मिठाच्या बरणीसारखं, आणि वाटीला तर हवेचं भोक असतंच, अडीच महिन्याच्या ओल्या हवेत हलकं पेट्रोल उडून गेलं आणि खाली राहिलं इथेनॉल-पाण्याचं पाणचट मिश्रण, त्यानं धातू खाल्ला. अॅक्सिलरेटर पंपाचं डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, ताठ पापडासारखं झालेलं. फ्लोटच्या नीडलखालचं पॅकिंग फुगलेलं.

टाकीतलं पेट्रोल काढून काचेच्या बरणीत ठेवलं तर तासाभरात खाली बोटभर वेगळा थर. टाकीच्या झाकणाचा वॉशर जुना आहे, पाणी थोडं आत गेलं असणार, तो दोष माझा, कबूल. पण पूर्वी असं पाणी गेलं की टाकीच्या तळाला चार चमचे पाणी बसायचं, तळाचा बोल्ट काढला की विषय संपला. आता पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी संसार थाटतं, दोघं मिळून खाली बसतात, थर कितीतरी मोठा होतो, आणि पेट्रोल ओढायची नळी कुठं असते, तर तळाला. म्हणजे इंजिनाला पहिला घोट तोच. शिवाय चाळीस वर्षांचा टाकीतला गंज आणि राळ, जी बिचारी भिंतीला धरून शांत बसली होती, ती इथेनॉलनं धुवून सुटी केली. फिल्टर दोन महिन्यात दोनदा बदलला.

हे सगळं झाल्यावर पण मी पत्र लिहिलं नसतं. जुनी गाडी म्हटलं की खर्च आलाच. पत्र लिहायला लावलं ते पुढच्या प्रकारानं. सप्टेंबरात एके दिवशी ऑइल चेक करायला काठी काढली तर ऑइल वाढलेलं! पद्मिनीचं ऑइल कमी झालेलं आयुष्यभर बघितलंय, वाढलेलं पहिल्यांदा. वास घेतला तर पेट्रोलचा. एसी पंपाचा डायफ्राम फाटला होता आणि पेट्रोल गुपचूप इंजिनात उतरत होतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग गेलं, आणि तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ म्हणजे काय ते सांगायला नको. त्याच आठवड्यात पेट्रोलचा रबरी पाइप क्लिपपाशी चिरला, बॉनेट उघडलं तेव्हा थेंब थेंब गरम इंजिनावर पडत होते. मागच्या सीटवर नात बसली होती.

तो पाइप दीड वर्षापूर्वी बदललेला. दुकानदारानं पाइप कापून दिला, त्याच्यावर काही छापलेलं नव्हतं, कुठल्या रबराचा ते त्याला पण माहीत नाही. आता तुमच्याकडनं ऑगस्ट २०२५ मध्ये जे निवेदन आलं त्यात लिहिलंय की काही जुन्या गाड्यांचे थोडे रबरी पार्ट आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातात. साहेब, माझी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते. तुमच्या हिशेबानं पॅकिंग बदलायला मला दहा-पंधरा वर्षं आहेत. जुन्या गाडीचं रबर किलोमीटरनं खराब होत नाही हो, उभं राहून खराब होतं. जी गाडी रोज पळते तिच्यात ताजं पेट्रोल येत राहतं, जी महिनाभर उभी राहते तिच्यात ते मुरत राहतं. आणि जुन्या गाड्या तर उभ्याच असतात.

आणि स्वस्त म्हणता ते कशाला? साधं नायट्राइल रबराचं किट स्वस्त आहे, पण तेच तर फुगतंय. इथेनॉलला टिकणारं जे फ्लुओरो रबर असतं, ज्याला मिस्त्री लोक व्हायटॉन म्हणतात, त्याचा पद्मिनीचा डायफ्राम मी उद्यमनगर, मग पुणे, मग ओळखीतनं मुंबईपर्यंत शोधला. प्रत्येक काउंटरवर एकच उत्तर, "हेच चालतंय साहेब, सगळे हेच नेतात." शेवटी मिस्त्रींनी शीट आणून कापून बनवला. सगळं मिळून साडेअकरा हजार गेले, आणि त्यात आमच्या मिस्त्रींची मजुरी म्हणजे निम्मी माया आहे.

आता मुद्द्यावर येतो.

कार्बोरेटर दुरुस्त करून बसवल्यावर मिस्त्री म्हणाले, जेट बदलायला पाहिजे. त्याचं असं आहे की पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात आणि इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. वीस टक्के मिसळल्यावर हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नवीन गाडीत सायलेन्सरच्या पाइपमध्ये सेन्सर असतो, तो ओळखतो की मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर आपोआप पेट्रोल वाढवतो. माझ्या गाडीत कॉम्प्युटर नाही. माझ्या गाडीत जेट आहे, आणि जेट म्हणजे पितळेला पाडलेलं एक भोक. त्या भोकाला डोकं नसतं. ते १९८४ साली जेवढं सोडायचं तेवढंच आज सोडतंय, फक्त आज त्यात पाचवा हिस्सा असा आहे ज्याच्यात पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ताकद कमी. म्हणून गाडी पातळ जळते, सकाळी चोकशिवाय हलत नाही, चढाला पिकअप नाही, इंजिन तापतं, व्हॉल्व्हला त्रास. मायलेज बाराचं साडेदहावर आलंय. इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली ठोका न देता जळायचा गुण, वाढतं हे खरं आहे पण ते हाय कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण जास्त दाबणाऱ्या, इंजिनाला उपयोगाचं, आमच्या म्हाताऱ्या इंजिनाला ते म्हणजे दात पडलेल्याला चणे.

ठीक आहे, म्हटलं जेट मोठा टाकू. मिस्त्रींनी विचारलं, कितीनं मोठा? पेट्रोलमध्ये इथेनॉल नक्की किती आहे?

आणि इथंच गाडी अडली बघा. कारण ते मला माहीत नाही. मिस्त्रींना माहीत नाही. मी नेहमीच्या पंपावर जाऊन विचारलं, तिथल्या पोराला माहीत नाही, मॅनेजर म्हणाला, "आता सगळं सारखंच येतंय, टेन्शन घेऊ नका." पावती बघितली, तिच्यावर पंपाचा नंबर, नोझलचा नंबर, लिटर, दर, घनता, वेळ सेकंदासकट, आणि खाली धन्यवाद पुन्हा या. इथेनॉल किती, एक अक्षर नाही.

मग मी काय केलं, आमच्या गावातल्या दूध संस्थेत गेलो आणि टेस्टिंगला असतो तो शंभर मिलीचा काचेचा सिलिंडर सेक्रेटरीकडनं मागून आणला. घरी अंगणात (स्वयंपाकघरात नाही, कुणी करणार असेल तर उघड्यावर करा आणि विडी पिऊ नका) त्यात आधी दहाच्या रेघेपर्यंत पाणी घातलं, मग शंभरपर्यंत पेट्रोल. म्हणजे पेट्रोल नव्वद मिली. तोंड बंद करून हलवलं, ठेवून दिलं. दहा मिनिटांनी थर वेगळे झाले आणि खालचा थर, जो दहावर होता, तो चढून अठ्ठावीसच्या रेघेला एक केस कमी असा टेकला. पाणी वाढत नसतंय. वाढलं ते इथेनॉल, नव्वदातलं अठरा, म्हणजे वीस टक्के. नातीला दाखवलं तर ती म्हणाली आजोबा जादू. बरोबर वीस होतं, म्हणजे पंपानं काही चोरी केली नव्हती, माल तुमच्या नियमाप्रमाणंच होता. माझी तक्रार भेसळीची नाहीच. माझी तक्रार ही की मला हे माझ्या अंगणात दुधाच्या सिलिंडरनं शोधायला लागलं.

आता त्याच सिलिंडरच्या घरचा न्याय बघा. आमच्याकडं ज्या बाईची एक म्हैस आहे ती सकाळी तीन लिटर दूध घेऊन संस्थेत जाते, तिला पावती मिळते, तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर सगळं छापून येतं. फॅट पॉइंटानं कमी आलं की ती सेक्रेटरीला जाब विचारते आणि सेक्रेटरी तिच्यासमोर परत टेस्ट करतो. कारखान्यावर उसाची पावती मिळते, वजन लिहिलेलं. अख्खा देश आमच्या दुधाची आणि उसाची मापं काढतोय. आणि शंभरच्या वर रुपये लिटरला मोजून जे घेतो त्याच्यात काय आहे ते कळायचा अधिकार मात्र आम्हाला नाही?

तुमचं काम झपाट्यानं झालं हे मी मानतो. २०१४ ला दीड टक्का होतं, जून २०२२ ला दहा झालं, वीसचं टार्गेट २०३० चं होतं ते तुम्ही २०२५-२६ वर ओढलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, पंपावर आलं आणि २०२५ मध्ये सगळीकडं तेच झालं. सरकारी कामात टार्गेट आधी पूर्ण झालेलं बघितलं की आम्हाला आधी आश्चर्य वाटतं आणि मग भीती. कारण नीती आयोगाच्या २०२१ च्या ज्या रोडमॅपवर हे सगळं उभं आहे त्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, इथेनॉलशिवायच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी पडेल. म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं, आम्हीच वेड्यासारखं प्लग बदलत बसलो. आणि दुसरी, जुन्या गाड्यांसाठी ई१० हे संरक्षण म्हणून चालू ठेवावं. ती दुसरी गोष्ट कुठं गेली? टार्गेटची पानं वाचली आणि ते पान चिकटलं होतं का?

लोक म्हणतात शंभर ऑक्टेनवालं भारी पेट्रोल घाला, त्यात इथेनॉल नसतं. मी पण ऐकलंय. ते लिटरला दीडशेच्या वर आहे, मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपांवर मिळतं, आणि त्या नोझलवर पण इथेनॉल नाही असं लिहिलेलं मी बघितलं नाही, परत तोच सिलिंडर. आणि कमी कॉम्प्रेशनच्या पद्मिनीला शंभर ऑक्टेन पाजायचं म्हणजे बैलाला बदाम.

कुणी म्हणेल ब्राझीलमध्ये तीस टक्के घालतात. घालतात ना. पण त्यांनी १९७५ ला सुरुवात केली, त्यांच्या गाड्या तिथंच त्या हिशेबानं बनल्या, आणि त्यांच्या पंपावर पेट्रोल वेगळं, इथेनॉल वेगळं, गिऱ्हाईक बघून घेतं. ब्रिटनचं बघा, सप्टेंबर २०२१ ला त्यांनी साधं पेट्रोल ई१० केलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी महागड्या ग्रेडमध्ये ई५ ठेवलं, आणि कुठल्या गाडीला काय चालेल ते बघायला सरकारनं वेबसाइट काढली, नोझलवर ठळक आकडा. ते पण दहावर जाताना, वीसवर नाही.

आणि लांब कशाला जायचं, आपणच हे केलेलं आहे! १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत शिसं नसलेलं पेट्रोल आलं, कारण नवीन गाड्यांना धूर साफ करणारे कन्व्हर्टर बसले होते, ते शिशानं खराब होतात. शिशाचं पेट्रोल बंद कधी झालं? फेब्रुवारी २००० ला. मधली पाच वर्षं नवीन गाडीला वेगळं पेट्रोल आणि जुन्या गाडीला वेगळं, पंपावर बोर्ड लावून. तेव्हा ना पंपावर कॉम्प्युटर होता ना सगळ्यांच्या हातात मोबाइल, तरी जमलं. शिसं तर विष होतं, त्याला पाच वर्षं सवलत दिली, आम्हाला पाच महिने पण नाही.

तुम्हाला वाटेल हे हौशी लोकांचं रडगाणं आहे, चार विंटेजवाले सोडले तर कुणाला पडलंय. तसं नाही. एप्रिल २०२० च्या आधीच्या बहुतेक मोटरसायकली आणि स्कूटर कार्बोरेटरच्याच आहेत. आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्याची एम-८०, शाळेच्या शिपायाची जुनी स्प्लेंडर, भाजीवाल्याची कार्बोरेटरची ओम्नी. हे लोक पत्र लिहीत नाहीत. गाडी बंद पडली की लाथ मारतात, मिस्त्रीकडं ढकलत नेतात, शंभर-दोनशे देतात आणि नशिबाला बोल लावतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की पावसाळ्यात गाडी उभी करायची तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत चालू ठेवा. एवढी एक ओळ पंपावर चिकटवली असती तरी कितीतरी कार्बोरेटर वाचले असते. चिकटवायला काय, पंपावर फोटो तर रोज नवीन लागतात.

आणि विंटेजवाल्यांचं पण तुम्हीच बघा. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी खास नियम आले, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं, रजिस्ट्रेशनला वीस हजार. त्या नियमात लिहिलंय की ही गाडी रोज वापरायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणायची. पेट्रोल भरायला! वाचून मी खुर्चीत हसलो. पेट्रोल भरायला जायची परवानगी आहे, भरण्यासारखं पेट्रोल नाही. तिकडं ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीची रजिस्ट्रेशन रिन्युअलची फी पाच हजारांची दहा हजार केलीत. भरीन. वडिलांची गाडी आहे, भरीन. पण दहा हजार घेऊन ज्या गाडीला रस्त्यावर चालायचा कागद देताय तिला चालेल असं इंधन पण द्यायला लागेल ना, का नुसता कागद टाकीत घालू?

सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ ला इथेनॉलशिवायचं पेट्रोल मागणारी याचिका फेटाळली, ते मला माहीत आहे. म्हणून मी तेवढं मोठं मागतच नाही. इथेनॉल बंद करा म्हणत नाही, केलंत तर माझंच बिल अडकेल. मागणं एवढंच आहे की नोझलवर आणि पावतीवर टक्का छापा, जसा दुधाला फॅट छापतात तसा, घनता छापताच की, तिच्याखाली एक ओळ. ही तर फुकटची गोष्ट आहे, पावतीवरचं धन्यवाद पुन्हा या काढलं तरी जागा होते. मग प्रत्येक तालुक्याला नको, जिल्ह्याला चार-पाच पंप धरा आणि तिथं एक नोझल दहा टक्क्याचं किंवा त्याहून कमीचं ठेवा. दोन-चार रुपये जास्त लावा, देऊ. पाइप, डायफ्राम, पॅकिंग बनवणाऱ्यांना ई२० ला टिकणाऱ्या मालावर शिक्का मारायची सक्ती करा, म्हणजे काउंटरवर "हेच चालतंय" ऐकायला नको. आणि हे जे आता सत्तावीस टक्क्यांची चर्चा चाललीय ते करायचंच असेल तर वर्षभर आधी सांगा, कारण मिस्त्रींनी आत्ता वीसच्या हिशेबानं दोन नंबर मोठा जेट बसवलाय, गाडी छान चालतेय, पण तुम्ही परत आकडा बदललात की माझं भोक परत चुकलं. आकडा कुठला का असेना, आधी कळला तर जेट बदलता येतो. न कळवता बदलला तर घाटात टॉवेल.

तूर्त एवढंच. हंगाम चालू झालाय, माझी तोड पुढच्या आठवड्यात आहे, त्या उसाचं जे काय होईल ते परत माझ्याच टाकीत येणार आहे, तेव्हा निदान किती आलं ते सांगा.

आपला,
एक ऊसवाला, कोल्हापूर जिल्हा

ता. क. पावतीचं लवकर बघा. दूध संस्थेचा सिलिंडर अजून माझ्याकडंच आहे, मी दर टाकीला टेस्ट करतोय, आणि त्याला पेट्रोलचा वास लागलाय म्हणून सेक्रेटरी आता नवीन घेऊन द्या म्हणतोय.